अंगठ्यावरचा भार

क्लॅरिनेटवर नऊ बोटं सूर काढतात आणि दहावं ओझं वाहतं. उजव्या अंगठ्याला वाजवायला काहीच नसतं. जवळपास पाऊण किलोचं वाद्य तेवढं त्यानं तोलायचं. अमेरिकेत शाळेचा बँड बहुधा पाचवी-सहावीत सुरू होतो आणि एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरांतही भाड्यानं आणलेली क्लॅरिनेटची पेटी येते. त्या वयाचा अंगठा लवकर थकतो.

शाळांसाठी प्लॅस्टिकची क्लॅरिनेट तिथे जुनीच. सेल्मर कंपनीची 'बंडी' रेझोनाइट नावाच्या प्लॅस्टिकची. ग्लेन मिलरच्या लष्करी बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या व्हिटो पास्कूची यांनी १९४६ मध्ये विस्कॉन्सिनच्या किनोशात लब्लाँक या वाद्यकंपनीचा अमेरिकी संसार थाटला. 'व्हिटो' ही विद्यार्थ्यांची क्लॅरिनेट त्यांच्याच नावाची. कोरड्या हिवाळ्यात फुंकेच्या ओलाव्यानं आफ्रिकी काळं लाकूड तडकतं, प्लॅस्टिक तडकत नाही. सोय मोठीच, पण ती शाळेची आणि पालकांच्या खिशाची. आकार तोच, चाव्याही धातूच्याच. अंगठ्याला फरक तो काय पडणार?

अंगठ्याचा विचार केला तो इंग्लंडच्या ग्रॅहम लायन्स यांनी. त्यांच्या वाद्याचं आजचं रूप म्हणजे नुवो कंपनीची 'क्लॅरिनिओ'. हिच्या चाव्याही प्लॅस्टिकच्या, म्हणून वजन निम्म्याहून कमी. नळी आखूड, त्यामुळे भोकं जवळजवळ आणि लहान पंजाला फार ताणावं लागत नाही. वाजवून झाल्यावर सरळ पाण्याखाली धुवावी. (लाकडी क्लॅरिनेटवाल्यासमोर हे बोलू नये.)

मला तिचं खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. वाद्य सोपं केलं, स्वभाव मात्र बदलला नाही. बासरीत जोर वाढवला की सा वरच्या सा वर जातो. क्लॅरिनेटमध्ये डाव्या अंगठ्याची चावी दाबली की सा उडी घेतो थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर. मधली दरी बोटांनी भरायची असते, आणि शिकणारी मुलं नेमकी तिथेच अडखळतात, किंचाळणारा सूर निघतो. क्लॅरिनिओनं ही दरी बुजवलेली नाही. खालच्या सप्तकात तिचा आवाज लाकडासारखा घुमत नाही, जरा पोकळ वाटतो. पण मोठ्या वाद्यावर लागणारी ओठांची पकड आणि बोटांची सवय तिच्यावर होते.

अडचण स्वरपट्टीची. पेटीवाल्यांच्या भाषेत, बँडच्या नेहमीच्या क्लॅरिनेटचा लिहिलेला सा वाजतो काळी पाचमध्ये. क्लॅरिनिओचा पांढरी एकमध्ये. घरी पियानोसमोर ही सोयच, लिहिलं तेच वाजतं. वर्गात मात्र क्लॅरिनेटचं पुस्तक उघडून हिच्यावर वाजवलं, तर शेजाऱ्यापेक्षा एक पूर्ण स्वर चढा निघेल. मग ओबोचं पुस्तक घ्यावं लागतं, नाहीतर तोवर अंगठा मोठा झालेला असला तर सरळ जड वाद्य. म्हणून हिला बँडपेक्षा बँडच्या आधीची दोन वर्षं जास्त शोभतात.