परमुलखात बेला बार्टोक

न्यूयॉर्कच्या 57व्या रस्त्यावर, कार्नेगी हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराचं शेवटचं बिऱ्हाड होतं. आपल्या मंडळाचा कारभार लेझीम-लावणीभोवती फिरतो, तेव्हा लोकगीतं जमवणाऱ्या या शेजाऱ्याची आठवण काढायला हवी.

1904 साली ट्रान्सिल्वेनियाच्या एका मोलकरणीचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि शहरात ‘हंगेरियन’ म्हणून मिरवणाऱ्या संगीताखाली काहीतरी निराळंच दडलंय, हे त्याला उमगलं. मग झोल्टान कोडाय या मित्रासारखाच तोही एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घालू लागला. मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. त्यात गाणारी मंडळी बिलंदर! 1907 सालच्या एका पत्रात त्याने अशी एक झटापट संवादरूपात रंगवली आहे: हा जुन्यातलं जुनं गाणं मागतोय आणि बाई देवाधर्माची गाणी पुढे करतेय. जात्यावरच्या ओव्या मागत गावोगाव फिरलेल्यांना हे वाचून हसू येईल.

पण तो आपल्याच लोकांच्या गाण्यांपाशी थांबला नाही. स्लोव्हाक, रुमानियन, 1913 मध्ये अल्जीरियातले अरब, 1936 मध्ये तुर्कस्तान. रुमानियन संगीतावर लिहिलं म्हणून मायदेशी त्याच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवणारेही निघाले. मला त्याचा मोठेपणा इथेच दिसतो.

नाझींचं सावट वाढलं आणि 1940 मध्ये तो अमेरिकेत आला. कोलंबिया विद्यापीठात त्याने काम पत्करलं तेही हंगेरीच्या शेजाऱ्यांच्याच गाण्यांचं. अभ्यासक मिलमन पॅरीने युगोस्लाव्हियात ध्वनिमुद्रित केलेली बायकांची गाणी तो पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि गळ्यातली बारीकशी हरकतही स्वरलिपीत उतरवायचा. ‘शुद्ध’ वंशाचा उदोउदो चाललेल्या काळात, 1942 मध्ये, त्याने लेख लिहून बजावलं की लोकसंगीत देवाणघेवाणीनेच श्रीमंत होतं.

पुढे आजारपण आणि पैशाची ओढाताण. 1943 मध्ये बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कुसेवित्स्की रुग्णालयात येऊन नव्या रचनेचं काम देऊन गेले आणि ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ जन्मली. 1945च्या सप्टेंबरात तो गेला; अस्थी बुडापेस्टला पोचायला 1988 उजाडलं.

ऐकायला बसाल तर ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’च्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. आधी ताशासारखा कडक ढोल, मग एकाच जातीची वाद्यं जोडीजोडीने येतात. प्रत्येक जोडी स्वरांचं आपलं ठरलेलं अंतर राखून चालते. ट्रम्पेटची तर इतकी खेटून, की कान टवकारतात.