‘लॅम्डा’ आणि चिपरचनेचे अध्यापन

कार्व्हर मीड व लिन कॉन्वे यांच्या ‘इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स’ (१९८०) या ग्रंथाचे मोल त्यातील परिपथांपेक्षा अध्यापनदृष्टीत अधिक आहे. कारखान्यागणिक बदलणारी मापे बाजूस सारून लेखकांनी सर्व अंतरे ‘लॅम्डा’ या एकाच एककाच्या पटीत मांडली: पॉलिसिलिकॉनची पट्टी किमान २ लॅम्डा रुंद, धातूची ३. भाषाभ्यासकास ही रीत परिचित वाटेल. ऱ्हस्व स्वर किती काळ टिकतो याला महत्त्व नाही. दीर्घाच्या मानाने तो ऱ्हस्व असला म्हणजे झाले. या सोयीमुळेच पदार्थविज्ञानाची पदवी नसलेल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे दालन खुले झाले. १९७८ मध्ये कॉन्वे यांनी एम.आय.टी.त शिकविलेल्या वर्गाच्या रचना प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरल्या.

ग्रंथ एनमॉस तंत्राशी बांधलेला असल्याने जुना झाला आहे. अतिसूक्ष्म मापांत सर्व अंतरे एकाच प्रमाणात घटतही नाहीत. हे दोष गौण होत. अनेक अभ्यासक्रम आज व्हेरिलॉगच्या सिम्युलेशनपाशीच थांबतात, ही उणीव आम्हांस अधिक गंभीर वाटते. व्हेरिलॉगचे बाह्यरूप ‘सी’ भाषेसारखे. त्यामुळे विद्यार्थी वर्णनास आज्ञा समजतो व ओळीमागून ओळ वाचतो. वस्तुतः परिपथाचे सारे भाग एकाच वेळी कार्यरत असतात. ‘दहा एकके थांब’ हे विधान सिम्युलेशन इमानाने पाळते; परिपथ घडविणारे साधन मात्र ते दुर्लक्षून पुढे जाते. हा भेद पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी रचना निदान एफपीजीएवर तरी उतरवावी लागते, आणि तेवढा खर्च विभागांनी सोसलाच पाहिजे.