नगरांच्या सरासरीतून देशाचा मध्य : एका पद्धतीची चिकित्सा

देशाच्या सीमेचा तपशीलवार नकाशा हाताशी नसला, तर त्यातील नगरांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी आणि येणाऱ्या बिंदूस त्या देशाचा भौगोलिक मध्य मानावे, अशी एक सुलभ पद्धती रूढ होऊ पाहत आहे. नगरांच्या याद्या संगणकावर विपुल मिळत असल्याने तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु हा बिंदू नेमका कशाचा मध्य, याचा विचार तिचा अवलंब करणारे क्वचितच करतात.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरील सुमारे २४,५०० बिंदूंच्या आधारे १९८८ मध्ये या भूखंडाचा गुरुत्वमध्य काढण्यात आला. ब्रूस लॅम्बर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बिंदू २५.६° दक्षिण व १३४.४° पूर्व येथे आहे. आता सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ आणि ॲडलेड या पाच महानगरांची सरासरी काढली, तर ३३.२° दक्षिण व १४०.७° पूर्व हे स्थान येते. दोहोंत सुमारे हजार किलोमीटरांचे अंतर! यादीत एकट्या डार्विनची भर घातली, की सरासरी चारशे किलोमीटरांहून अधिक उत्तरेकडे, किंचित पश्चिमेस झुकून, सरकते. एका नावाने एवढे हलणाऱ्या बिंदूस मापन म्हणणे धारिष्ट्याचे होय.

अधिक नगरे घेतल्यास दोष निवळेल, असा बचाव केला जातो. तो मान्य होण्यासारखा नाही. संख्या वाढविल्याने आकस्मिक चूक घटते. पक्षपात घटत नाही. ऑस्ट्रेलियातील वस्ती पाऊस व बंदरे यांच्या आश्रयाने आग्नेयेस दाटली आहे, आणि यादी लांबविली तरी नवी नावे बहुतांशी तेथलीच येणार. बरे, हा बिंदू लोकसंख्येचा मध्य तरी म्हणावा, तर तेही नाही. कारण सिडनीला आणि एखाद्या लहानशा गावाला येथे सारखेच वजन मिळते. अमेरिकेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत : संलग्न ४८ राज्यांच्या भूमीचा मध्य कॅन्ससमधील लेबनॉनजवळ, तर २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्येचा मध्य मिसूरीतील हार्टव्हिलजवळ.

गणिती दोष त्यामानाने किरकोळ आहे. फिजीची बेटे १८०° रेखावृत्ताच्या दोन्ही अंगांस असल्याने पूर्व रेखांश धन व पश्चिम रेखांश ऋण धरून केलेली साधी सरासरी भलत्याच गोलार्धात नेऊ शकते. प्रत्येक स्थान त्रिमितीय सदिशात मांडून सरासरी काढली, की ही अडचण दूर होते.

मूळ दोषावर मात्र एकच खरा उपाय संभवतो. जो भूभाग इतर नगरांपेक्षा ज्या नगरास अधिक जवळ, त्या भूभागाच्या क्षेत्रफळाइतके वजन त्या नगरास द्यावे. पण हे क्षेत्रफळ मोजण्यास देशाची सीमा ठाऊक असावी लागते. आणि सीमा ठाऊक असेल, तर मध्य थेट तिच्यावरूनच काढता येतो, नगरांची गरजच उरत नाही.