समोरचा आणि तिऱ्हाईत

नीतिविचार म्हटला म्हणजे आधीं तत्त्वें, मग नियम आणि शेवटीं माणूस, असा क्रम आपल्या अंगवळणीं पडलेला असतो. एमान्युएल लेव्हिनास (१९०६–१९९५) ह्यानें हा क्रम उलटविला, आणि 'समग्रता आणि अनंत' (१९६१) ह्या त्याच्या फ्रेंच ग्रंथाचें महत्त्व त्यांतच आहे.

लेव्हिनासचा जन्म लिथुआनियांतील ज्यू कुटुंबांत झाला. १९२८-२९ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें त्यानें हुसेर्ल व हायडेगर ह्यांच्यापाशीं अध्ययन केलें. १९३३ सालीं हायडेगर नाझी पक्षांत शिरला. १९४० सालीं हा त्याचा शिष्य फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हातीं सांपडला व युद्ध संपेपर्यंत बंदिवासांत राहिला. तिकडे लिथुआनियांत त्याचे आईबाप आणि भाऊ मारले गेले. अस्तित्वाची इतकी सूक्ष्म मीमांसा करणाऱ्या गुरूला शेजारचा माणूस कसा दिसला नाहीं, हा प्रश्न ग्रंथाच्या पानापानांतून ऐकूं येतो.

बंदिवासांतील एक आठवण त्यानें पुढें लिहून ठेवली आहे. जंगलांतील कामावरून परतणाऱ्या सत्तर ज्यू कैद्यांकडे वाटेवरचे लोक माणूस म्हणून पाहत नसत. एक भटकें कुत्रें मात्र त्यांचें आनंदानें स्वागत करी. कांहीं आठवड्यांनीं पहारेकऱ्यांनीं तें हुसकून लावलें. नियम ठाऊक नसतांहि माणसाची ओळख पटते, आणि नियम ठाऊक असूनहि ती हरवते, हें ह्या आठवणीचें मर्म होय.

ग्रंथाचें म्हणणें थोडक्यांत असें. जाणणें म्हणजे एक प्रकारें कवेंत घेणें. जें जाणलें तें आपल्या मापाचें होऊन जातें. समोरच्या माणसाचा चेहरा मात्र ह्या मापांत मावत नाहीं. चेहरा म्हणजे नाक-डोळे नव्हेत; 'मला मारूं नकोस' असें निःशस्त्रपणें बजावणारी ती उपस्थिति होय. सार्त्रच्या १९४३ च्या ग्रंथांत परक्याची नजर माझें स्वातंत्र्य हिरावून घेते. लेव्हिनासच्या मतें समोरचा त्या स्वातंत्र्याला जाब विचारतो. तो माझ्यासाठीं काय करील, हा हिशेब मीं मांडावयाचा नाहीं.

विचार उदात्त खरा. पण जगांत आपण दोघेच नसतों. तिऱ्हाईत आला कीं कोणाचें आधीं ऐकावें हें ठरवावें लागतें, आणि तेथून न्याय व राज्यसंस्था सुरू होतात. ही अडचण लेव्हिनासनें टाळलेली नाहीं. १९७४ च्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथांत तिचा विचार आहे. परंतु कसोटीचा प्रसंग आला तो १९८२ सालीं. बैरूतमधील साब्रा आणि शातीला येथें लेबनानी ख्रिस्ती सशस्त्र टोळ्यांनीं पॅलेस्टिनी निर्वासितांची व इतर नागरिकांची कत्तल केली. भोंवतीं इस्रायली सैन्याचा वेढा होता. त्यानंतर लौकरच एका नभोवाणी-संवादांत, इस्रायली माणसाला पॅलेस्टिनी हाच 'दुसरा' नव्हे काय, असें लेव्हिनासला विचारण्यांत आलें. त्यानें जबाबदारी झटकली नाहीं. पण सरळ होकारहि दिला नाहीं. एक शेजारी दुसऱ्यावर चालून गेला तर कोण न्यायी, कोण अन्यायी हें पाहावें लागतें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें.

तर्कदृष्ट्या हें उत्तर चूक नाहीं. तरी आम्हांस तें खटकतें. कारण चेहरा पाहण्यापूर्वीं पक्ष तपासला कीं जुनाच क्रम परत येतो. म्हणून ग्रंथ बाजूला ठेवावा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. लेखकाचें उणें दाखविण्याचें माप त्याच्याच ग्रंथानें आपल्या हातीं दिलें आहे, आणि तेंच माप वाचकानें स्वतःलाहि लावून पाहावें.