वस्ताद, निदेशक आणि व्यायामशास्त्राचा पदवीधर

एखादे शास्त्र विद्यापीठात स्थिरावले म्हणजे त्याच्या पदवीधरास समाजात स्थान आपोआप लाभते, असा समज रूढ आहे. व्यायाम व क्रीडाशास्त्राच्या बाबतीत तो तपासावयाचा झाल्यास जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके उपयुक्त ठरतात. पूर्वेकडे नारायणगाव-मंचरची बागायत आणि बाजारपेठ. पश्चिमेकडे नाणेघाट व भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी समाजाच्या वाड्या. शरीरश्रम, डोंगरचढण आणि यात्रेतील कुस्ती ह्या गोष्टी येथील जीवनात मुरलेल्या आहेत. तरीही या शरीराचा शास्त्रीय अभ्यास केलेल्या तरुणास येथे कोणते काम आहे, या प्रश्नाचे उत्तर सहज देता येत नाही.

परंपरेपाशी ते उत्तर होते, आणि ते एका शब्दात सामावलेले होते. ‘वस्ताद’ हा शब्द फारसी ‘उस्ताद’पासून आला, ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द ‘शिकवण’ या अर्थाचा. मराठीत तालीम म्हणजे सराव, आणि सरावाची जागाही. तेथे वस्ताद डाव शिकवी, खुराक ठरवी, मालिश करवी, मुरगळलेला सांधाही पाही. शरीरक्रियाशास्त्र, आहारशास्त्र आणि क्रीडामानसशास्त्र यांची आज वेगळी झालेली कार्ये एकाच व्यक्तीकडे होती. अर्थात त्या ज्ञानास अनुभवाचा आधार होता, मापनाचा नव्हता. मापनाची दिशा स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास स्थापिलेल्या कैवल्यधामात योगक्रियांच्या संदर्भात दाखविली. पुढे १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दहा खंडांत निघालेल्या व्यायामज्ञानकोशाने या विद्येचा विस्तार मराठीत नोंदविला.

ज्ञानाचा असा विस्तार होत असता व्यवसायाचे नाव मात्र आकसले. लोकभाषेत हा पदवीधर ‘पी. टी.चे सर’ होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला आहे. ‘अंशकालीन’ या विशेषणात पगार, प्रतिष्ठा आणि भवितव्य यांचा निर्णय येऊन जातो. शिवाय डोंगरातील ज्या शाळेचा पट शंभरांच्या आत आहे, तिला ही तरतूदही लागू होत नाही.

दुसरी वाट भरतीपूर्व प्रशिक्षणाची. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांस १,६०० मीटर व महिलांस ८०० मीटर धावावे लागते. १०० मीटर धाव आणि गोळाफेक दोघांसही आहे. सरावाचा भार क्रमाने कसा वाढवावा, नडगी का दुखते, विश्रांती केव्हा द्यावी, हे सांगणे व्यायामशास्त्राचेच काम होय. परंतु प्रशिक्षणाचे मोल केवळ निवड झालेल्यांच्या संख्येवर ठरले, तर न निवडलेल्याच्या दुखावलेल्या गुडघ्याची नोंद कोणी ठेवावयाची?

तिसरे क्षेत्र अद्याप निनावी आहे. टोमॅटोच्या तोडणीत दिवसभर वाकणाऱ्या स्त्रिया, बाजार समितीत पोती वाहणारे हमाल आणि आश्रमशाळांतील धावपटू यांना या शास्त्राची गरज आहे. येथे मर्यादाही पाळावयास हवी : व्यायामशास्त्राचा पदवीधर म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ नव्हे. दुखापतीवरील उपचार हे त्याचे क्षेत्र नाही. दुखापत टाळणे हे आहे.

केवळ नाव दिल्याने पद निर्माण होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पद निर्माण होण्यास निधी लागतो आणि शासननिर्णयही लागतो. परंतु ज्या कामास नाव नाही त्याची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहिता येत नाही, आणि अंदाजपत्रकातही ते येत नाही. पदवी देणाऱ्या विभागांनी नोकरीच्या जागा मोजण्याबरोबरच विद्यार्थ्यास तालमीतील पहिलवानाशी आणि शेतातील मजुराशी त्यांच्या मराठीत बोलण्याचे शिक्षण द्यावयास हवे. वस्तादाची भाषा ज्यास कळत नाही, त्याचे मापन तालमीच्या उंबरठ्याबाहेरच राहील.