माळी नसलेली बाग

बागेचे चित्र म्हटले की एक ठरावीक देखावा डोळ्यांपुढे येतो: फुललेले वाफे, वळत गेलेली पायवाट, कडेला संथ पाणी. दिनदर्शिकांनी आणि मिठाईच्या खोक्यांनी हा देखावा इतका स्वस्त करून ठेवला आहे की, अमुक चित्रकार ‘बागेची चित्रे काढतो’ असे सांगताना निसर्गचित्रकारही किंचित हसतात. क्लोद मोने (१८४०–१९२६) या फ्रेंच चित्रकाराने मात्र आयुष्याची अखेरची जवळजवळ तीस वर्षे स्वतःच्या बागेतील एका तळ्यापाशी घालविली. त्या चित्रांविषयी मराठीत स्तुतीपर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही त्यांच्याकडे करमाडहून पाहत आहो, आणि येथून ती थोडी निराळी दिसतात.

आमच्याकडे ‘बाग’ म्हणजे मोसंबीची. तिला शोभेसाठी कोणी पाहत नाही. ताण कधी दिला, बहार कोणता धरला आणि विहिरीला पाणी किती, एवढेच विचारले जाते. २०१२ च्या दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबाद आणि जालना जिल्ह्यांतील कितीतरी बागा उभ्या वाळल्या. पोटच्या मुलाप्रमाणे वाढविलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हातांनी तोडली. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना पाण्यावर तरंगणाऱ्या फुलांचे चित्र दाखविले, तर त्यांचा पहिला प्रश्न रंगांविषयी नसेल.

हा प्रश्न खुद्द मोनेच्या गावकऱ्यांनीही विचारला होता. झिव्हर्नी या खेड्यात तो १८८३ मध्ये राहावयास आला आणि १८९० मध्ये त्याने तेथील घर विकत घेतले. १८९३ मध्ये रेल्वेमार्गापलीकडची जमीन घेऊन त्याने ओढ्याचे पाणी वळवून तळे करण्याची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. या परदेशी वनस्पतींनी पाणी विषारी होईल, मग गुरांनी प्यावे काय, असे त्यांचे म्हणणे होते. मोने संतापला, अखेर त्याला परवानगी मिळाली. चरित्रकार हा प्रसंग गावंढळपणाचा नमुना म्हणून सांगतात. आमच्या मते, गावकऱ्यांची भीती अनाठायी ठरली, प्रश्न मात्र अनाठायी नव्हता. एकाच्या डोळ्यांसाठी ओढा वळवावा की नाही, हे करमाडच्या ग्रामसभेतही सहज संमत झाले नसते.

तथापि त्या पाण्याचे मोनेने जे केले ते असामान्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आरंभीच्या चित्रांत जपानी धर्तीचा पूल आहे, काठ आहे, झाडी आहे. पुढे पूल गेला, काठ गेला, क्षितिजही गेले. उरले केवळ पाणी आणि त्यात उतरलेले आकाश. ढग खाली आणि कमळे त्यांच्यावर, अशी ही उलटी सृष्टी पाहताना आपण कोठे उभे आहोत हेच कळेनासे होते. पाणी व प्रतिबिंबे यांनी आपल्याला झपाटले आहे, हे काम म्हाताऱ्याच्या शक्तीबाहेरचे आहे, तरी जे जाणवते ते उमटवायचेच आहे, अशा आशयाचे त्याने १९०८ मध्ये एका मित्राला लिहिले. त्याच वर्षी, प्रदर्शन तोंडावर आले असता, त्याने किमान पंधरा चित्रे स्वतःच नष्ट केली. दोन वर्षे लांबलेले ते प्रदर्शन मे १९०९ मध्ये पॅरिसमध्ये द्युराँ-रुएल यांच्या दालनात भरले. त्यात ४८ चित्रे होती. नंतर ती विकली गेली आणि विखुरली. एकच तळे अनेक घरांच्या दिवाणखान्यांत वाटले गेले.

पुढील पाऊल याच्या नेमके उलट आहे. १९११ मध्ये पत्नी गेली, १९१४ मध्ये थोरला मुलगा गेला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. मोतीबिंदूने दृष्टी मंदावत असतानाही मोनेने बाग सोडली नाही. युद्धविराम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, त्याने पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. दोनाची पुढे आठ भव्य रचना झाल्या: सुमारे दोन मीटर उंच, एकूण लांबी नव्वद मीटरांच्या आसपास. त्यांच्यासाठी पॅरिसच्या ओरांजरी इमारतीत दोन लंबवर्तुळाकार दालने तयार झाली. वरून दिवसाचा उजेड येतो आणि दालनाला कोपरा नाही. जिवंत असेपर्यंत मोनेने ही चित्रे हातची सोडली नाहीत. मे १९२७ मध्ये दालने लोकांसाठी उघडली तेव्हा तो हयात नव्हता. प्रदर्शन म्हणजे केवळ मांडणी नव्हे, पाहणाऱ्याने कसे थांबावे याचाही तो विचार असतो, हे या दालनांइतके क्वचितच कोठे पटते. आमच्या मंदिरांत जेथे जागा सापडेल तेथे चित्र टांगण्याची जी रीत आहे, तिने येथून शिकावे.

एक गोष्ट मात्र खटकते. या बागेत सहा माळी राबत होते. त्यांतील एकाचे काम तळ्याची निगा राखण्याचे, कमळांची पाने स्वच्छ ठेवण्याचे होते. नव्वद मीटर चित्रांत तो कोठेही नाही. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी माताभगिनींनी दुसऱ्यांच्या बागांत खुरपणी केली आहे. या दालनात त्या उभ्या राहिल्या, तर त्यांना आकाश दिसेल, पाणी दिसेल, आपले कोणी दिसणार नाही. चित्रकाराने काय रंगवावे हे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही, हे आम्ही जाणतो. पण चित्रात काय उणे आहे हे सांगणे समीक्षकाचे कामच आहे.

याच काळात कोल्हापुरात आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात आपली निसर्गचित्रे रंगवीत होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परतलेल्या या कलावंताला शाहू महाराजांचा आश्रय होता. पॅरिसचे दालन त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगितले जाते. १९३१ मध्ये ते वारले. पाहणारा एकच होता, तो गेला, मग दाखवायचे कोणाला? या कथेत तथ्य असेल, तर मोनेने चित्रे फाडली ती ती उणी वाटली म्हणून, आणि आबालाल यांनी बुडविली ती डोळे उरले नाहीत म्हणून. आम्हांला दुसरे दुःख अधिक मोठे वाटते.

आणखी एक बाग येथे आठवते. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील पहिल्या कोठडीत डोमिनिकन व्रतस्थ फ्रा अँजेलिको यांनी १४४० च्या सुमारास भिंतीवर पुनरुत्थानाच्या सकाळची बाग रंगविली. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात मरिया मग्दालिया प्रभूला माळी समजते. अँजेलिको यांनी तो समज पुसला नाही; प्रभूच्या खांद्यावर त्यांनी कुदळ दिली. गवतात लहान लहान फुले आहेत, मागे कुंपण आहे, आणि ज्याने मरणाला जिंकले तो कामावर निघालेल्या माणसासारखा दिसतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ मध्ये अँजेलिको यांना धन्य घोषित केले आणि १९८४ मध्ये कलावंतांचे आश्रयदाते ठरविले. रंगांची जी किमया मोनेपाशी आहे ती या भिंतीवर नाही. ते चित्र तेवढे मोठे आहे असा आमचा दावाही नाही. ते प्रदर्शनासाठी नव्हते. त्या कोठडीत राहणाऱ्या एका बंधूने प्रार्थनेच्या वेळी पाहावे, एवढाच त्याचा उद्देश. आज तो मठ संग्रहालय आहे, आणि लोक दारापाशी थांबून आतली कुदळ पाहतात.