संपादक केळकर आणि विधिमंडळातील केळकर

नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७) यांच्या चरित्राचे पत्रकार, साहित्यिक व राजकारणी असे तीन कप्पे पाडण्याची प्रथा आहे. पहिल्या दोहोंच्या वाट्यास गौरव येतो, तिसऱ्याच्या वाट्यास दोष. ‘केसरी’ व ‘मराठा’ चालविणारा टिळकांचा हा सहकारी १९२३ साली मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेला आणि टिळकमार्गापासून ढळला, असा आक्षेप घेतला जातो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने लावली. वाचक परक्या भूमिकेशी समरस होतो, पण स्वतःची भूमिका विसरत नाही, असा तिचा आशय. केळकरांच्या संपादकीय लेखनाची घडणही याच वृत्तीची आहे. टिळकांचा अग्रलेख प्रहार करतो. केळकरांचा अग्रलेख दोन्ही पारडी तोलतो.

हीच वृत्ती त्यांच्या विधिमंडळातील धोरणात दिसते. १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली, तेव्हा मोतीलाल नेहरूंनी त्यांचा निषेध केला. केळकर, जयकर व मुंजे यांनी मात्र वेगळी वाट धरली आणि त्यातूनच प्रतिसहकार पक्ष उदयास आला. परक्यांच्या सभागृहात शिरावे, परंतु आपले ध्येय सोडू नये, ही सविकल्प समाधीचीच राजकीय आवृत्ती होय. शिवाय प्रतियोगी सहकारितेचे सूत्र १९१९ साली अमृतसर येथे टिळकांनीच पुरस्कारिले होते. अर्थात ढळल्याचा आरोप टिकत नाही; फरक मार्गाचा नसून प्रकृतीचा होता.

तथापि या भूमिकेस मर्यादा आहे. वाचकाची समरसता निरुपद्रवी असते, कारण ग्रंथ त्याच्यावर राज्य करीत नाही. कायदेमंडळाचे तसे नव्हते. मिठावरील कराची दुप्पट वाढ सभागृहाने फेटाळली असताही १९२३ मध्ये व्हाइसरॉयने ती स्वाधिकारात अंमलात आणली होती. जेथे निर्णय तराजूबाहेर होतो, तेथे तोलणाऱ्याचे कौशल्य वाया जाते.

म्हणून केळकरांचे राजकीय अपयश हा त्यांच्या साहित्यिक गुणांचा अपवाद नव्हे. त्या गुणांची ती किंमत होय. त्रिखंडात्मक टिळकचरित्र व ‘गतगोष्टी’ यांचे वाचन या दृष्टीने केल्यास तीन कप्प्यांतील भिंती आपोआप गळून पडतील.